लिहिण्याचा वेळ कोणाच्या मालकीचा?

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी चार लिहित्या-वाचत्या माणसांची बैठक जमली की एक वाक्य हटकून कानी पडते. “कादंबरी डोक्यात अख्खी तयार आहे हो, पण बसून लिहायला वेळ कुठला?” बोलणारा कधी शिक्षक असतो, कधी बँकेतला कारकून, कधी हापूसच्या कलमांमागे वर्षभर धावणारा बागायतदार. त्याची कादंबरी खोटी नसते. खाडीकाठचे घर, वाटणीवरून तुटलेले भाऊ, मुंबईस गेला तो परत न आलेला चुलता, त्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहत म्हातारी झालेली चुलती, कुळकायद्यात गेलेली किंवा कुळकायद्याने मिळालेली जमीन, हा ऐवज ज्या घरात नाही असे घर कोकणात शोधूनच काढावे लागेल. तरीही प्रत्यक्ष लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि न लिहिलेल्या कादंबऱ्या मात्र घरोघर.

या तक्रारीला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक उपदेशकाचे: इच्छा तेथे मार्ग, पहाटे चारला उठा, चहाच्या गप्पा कमी करा. दुसरे रसिकाचे: प्रतिभा असेल तर ती वेळ काढतेच, नसेल तर वेळ देऊनही उपयोग नाही. पहिले उत्तर सारा दोष लिहू पाहणाऱ्याच्या आळसावर टाकते, दुसरे त्याच्या नशिबावर. दोहोंत एक गृहीत समान आहे. दिवसाचे २४ तास सर्वांना सारखेच वाटून दिलेले आहेत, असे दोन्ही उत्तरे धरून चालतात. घड्याळापुरते ते खरे आहे. परंतु शेतजमिनीप्रमाणे तासांचीही मालकी असते, त्यांचीही कुळे असतात आणि खोत असतात. स्वतःच्या दिवसातला कोणता तास स्वतःच्या नावावर आहे, हे विचारल्यावाचून लेखनाच्या वेळेचा प्रश्न सुटत नाही.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी ते एक. कोकणातील अशा कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभे राहून या मातीतल्या कथालेखकांची नावे वाचत गेले, आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या पोटापाण्याचा उद्योग मनात लिहीत गेले, तर काय दिसते? श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे; त्यांनी मुंबईच्या ‘बेस्ट’ उपक्रमात नोकरी केली. ‘हद्दपार’ (१९५०), ‘गारंबीचा बापू’ (१९५२), ‘रथचक्र’ (१९६२) या कादंबऱ्या बस आणि ट्रामच्या कचेरीत दिवस घालवणाऱ्या माणसाच्या आहेत. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत मुले शिकवली. ‘हृदयाची हाक’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ त्या काळातल्या. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबईतील कचेरीत होते. मधु मंगेश कर्णिकांनी एस.टी.त नोकरी केली. उर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात होत्या. (यांपैकी काहींची गावे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतात, जिल्हा वेगळा झाला म्हणून कपाट काही कोणी वेगळे केलेले नाही.) इस्टेटीवर जगणारा, दुपारी लोडाला टेकून लिहिणारा या यादीत एकही नाही.

यावरून उपदेशकाला आनंद होण्याचे कारण नाही. ही सारी माणसे कामात होती हे खरे, पण ती कोणत्या कामात होती ते नीट पाहावे. शाळा, कचेरी, महामंडळ, सरकारी खाते. पगार बेताचा, परंतु कामाच्या वेळेला आरंभ आणि शेवट असलेला. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर साहेबाचा हक्क संपत असे आणि रविवार पूर्णपणे स्वतःचा असे. ही संध्याकाळ आणि हा रविवार आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा वाटा फार मोठा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मराठी साहित्याच्या इतिहासात या तारखेची नोंद कोणी करीत नाही. ती करायला हवी. रविवार सकाळी लिहिलेल्या मराठी कथांचा हिशोब मांडला तर लोखंड्यांचे उपकार बऱ्याच समीक्षकांहून मोठे ठरतील.

चिं. त्र्यं. खानोलकरांचे उदाहरण याच्या उलट बाजूने बोलके आहे. कुडाळला ते खानावळ चालवीत. खानावळीला सुटी नसते आणि वेळही नसते. गिऱ्हाईक येईल तेव्हा पान मांडायचे. त्या धबडग्यात त्यांनी कविता लिहिली, ‘आरती प्रभू’ या नावाने ती १९५४ साली ‘सत्यकथे’त आली, आणि कुडाळचा हा खानावळवाला कोण, असे महाराष्ट्र विचारू लागला. कादंबऱ्या मात्र मागाहूनच्या. १९५९ मध्ये ते मुंबईस गेले. ‘रात्र काळी घागर काळी’ १९६२ ची, ‘कोंडुरा’ १९६६ चा. मुंबईतही त्यांचे दिवस सुखाचे नव्हते, तेव्हा एवढ्यावरून नियम बांधणे धाडसाचे होईल. तथापि कविता दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीतही सुचते आणि मनात धरून ठेवता येते. कादंबरीला परत परत येणारा, आज जिथे थांबलो तिथूनच उद्या सुरू करता येईल असा तास लागतो. तो एकूण किती मोठा आहे यापेक्षा तो रोज नक्की येणार आहे का, हे महत्त्वाचे.

याचा ताळेबंद मांडणारा लेखक इंग्लंडात होऊन गेला. अँथनी ट्रोलॉप हा टपाल खात्यातला अधिकारी. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे, घड्याळ पुढे ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द या दराने लिही. दिवसाला तीन तास लेखन पुरेसे आहे, असे त्याचे मत होते. नोकरी सांभाळून, आणि पुढे ती सोडून, त्याने एकूण ४७ कादंबऱ्या लिहिल्या. १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचे आत्मचरित्र निघाले आणि हा हिशोब जगापुढे आला, तेव्हा रसिक नाराज झाले. प्रतिभा अशी घड्याळाला बांधलेली असते हे त्यांना रुचेना. त्या आत्मचरित्रातली दुसरी नोंद मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही. पहाटे त्याला उठवण्यासाठी एक वृद्ध नोकर होता आणि त्या कामाबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्या यशाचे श्रेय इतर कोणाहीपेक्षा आपण त्या नोकराला द्यायला हवे, असे ट्रोलॉपने प्रामाणिकपणे कबूल केले आहे. आपल्याकडच्या किती लेखकांनी आपला पहाटेचा चहा कोणी केला हे लिहून ठेवले आहे? त्या चहाकडे पुढे यायचेच आहे.

परंतु वेळ मिळाला म्हणजे लेखन होते, असेही नाही. तसे असते तर रत्नागिरीतील सेवानिवृत्त मंडळींनी आजवर मराठी कादंबरीचा पूर आणला असता. त्यांच्याकडे सकाळ आहे, दुपार आहे, निवृत्तिवेतन आहे, शांत ओटी आहे; आणि बहुधा कागद कोरा आहे. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही हजाराहून अधिक पानांची कादंबरी १९८७ साली, त्यांच्या वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास आली हे खरे. पण तिच्या पाठीशी जवळजवळ चाळीस वर्षांचा अखंड सराव होता. साठाव्या वर्षापर्यंत ज्याने लिहिले नाही त्याला एकसष्टाव्या वर्षी केवळ मोकळीक मिळाली म्हणून लिहिता येत नाही. म्हणजे तासाखेरीज आणखी काहीतरी लागते. त्याला प्रेरणा हे भारदस्त नाव देण्याची प्रथा आहे. वस्तुतः ती गोष्ट बरीच साधी आहे: कोणीतरी वाट पाहत असावे लागते.

पालगडच्या साने गुरुजींचे उदाहरण या बाबतीत नेहमी चुकीच्या अर्थाने सांगितले जाते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवले. जेमतेम पाच दिवस. (ते पुस्तक कादंबरी की आठवणी, हा वाद अभ्यासकांनी घालावा, ज्यांनी ते वाचून डोळे पुसले त्यांना तो पडलेला नाही.) यावरून असे म्हटले जाते की, बघा, तुरुंगाने वेळ दिला आणि पुस्तक झाले, किंवा, अंतःकरण भरून आले की पाच दिवसही पुरतात. पण या पाच दिवसांच्या मागे काय होते? १९२४ पासून सहा वर्षे गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत. मुलांचे आजारपण, अंथरुणे-पांघरुणे, अभ्यास, भांडणे हे सारे त्यांच्या अंगावर. त्या राबत्या दिवसांत ते छात्रालयातील मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक! मासिक नव्हे, साप्ताहिक नव्हे. सकाळी मुले ते वाचायला येत, म्हणून ते सकाळपर्यंत तयार असावे लागे. नाशिकच्या पाच दिवसांत जो हात धावला तो अमळनेरच्या त्या सकाळींनी घडवलेला होता. आणि पुस्तकाची रचनाही पाहावी. आश्रमातली कामे उरकून मित्र रात्री एकत्र बसतात, श्याम सांगतो, ते ऐकतात. दुसऱ्या रात्री पुन्हा येतात. प्रकरणांना नावे आहेत ती ‘रात्रीं’ची. वाट पाहणारा श्रोता त्या पुस्तकाच्या सांगाड्यातच बसवलेला आहे.

हरि नारायण आपट्यांचेही तसेच. आनंदाश्रमाची व्यवस्था, नगरपालिका, प्लेगच्या काळातील धावपळ, आणि या सगळ्यात १८९० पासून ‘करमणूक’ हे साप्ताहिक. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्या साप्ताहिकातून क्रमशः येत गेली. पुढच्या अंकाचा मजकूर छापखान्याला द्यायचा आहे, यमूचे पुढे काय झाले हे वाचकांना हवे आहे, एवढ्या दोन दोरांनी ती कादंबरी ओढून काढली. या पद्धतीला किंमतही द्यावी लागली. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. पण अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्या निदान सुरू तरी झालेल्या असतात.

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला वर्षातून एक नक्की तारीख मिळाली. पावसाच्या तोंडाशी संपादकाचे पत्र येई: ‘गोष्ट अमुक तारखेपर्यंत पाठवावी.’ त्या पत्राने किती कचेऱ्यांतल्या कारकुनांना कथाकार केले याची गणती नाही. आजही दिवाळी अंक निघतात. मात्र पूर्वी आठवड्याला, महिन्याला वाट पाहणारी जी मासिके होती त्यांतली बहुतेक गेली. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले. नवशिक्याची गोष्ट परत पाठवताना तिच्यात काय कमी आहे हे लिहून कळवणारा संपादक त्यांच्याबरोबर गेला. साभार परतीचे पाकीट मनाला लागते हे खरे, पण कोणीतरी शेवटपर्यंत वाचले आहे याची ती पावती असते.

वाट पाहण्याचे सर्वांत जिवंत उदाहरण पांढरपेशा साहित्यिकांच्या नजरेआड, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांवरच आहे. शिमग्याला नमन-खेळे होतात, गणपतीत जाखडी नाचते. नमनात गण झाला, गवळण झाली की वगनाट्य लागते. ते वगनाट्य कोणीतरी लिहिलेले असते. लिहिणारा अनेकदा मुंबईत शिपाई, पहारेकरी, गोदामातला हमाल असतो. चाकरमानी हा शब्द कोकणाने त्याच्यासाठीच घडवला. परळच्या दामोदर नाट्यगृहात अशा मंडळांचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले आणि तिकिटे काढून कोकणी माणसाने ते पाहिले. या लेखकाला “वेळ कसा मिळतो?” असे कोणी विचारीत नाही, कारण तो लेखक आहे हेच कोणाच्या गावी नसते. त्याला शिमग्याची तारीख माहीत असते, मंडळातले दहा-पंधरा जण तालमीला जमणार आहेत हे माहीत असते आणि राजाचे काम करणाऱ्याला भाषणे पाठ करायला महिना लागतो हेही माहीत असते. तेव्हा तो लोकलच्या डब्यात, पहाऱ्यावरच्या खुर्चीत वहीवर लिहितो. अण्णाभाऊ साठ्यांचा हात असाच कलापथकाच्या लोकनाट्यांवर, समोर बसलेल्या कामगारांसाठी लिहिता लिहिता तयार झाला आणि घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीतून ‘फकिरा’ (१९५९) बाहेर आली.

इथवर आलेली जवळजवळ सगळी नावे पुरुषांची आहेत. हा योगायोग नव्हे आणि पहाटेच्या चहाचा प्रश्न इथेच येतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापराची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे दिसले. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय दिवसभरात असे काही काम करणाऱ्या स्त्रिया शंभरातल्या एक्याऐंशी, पुरुष मात्र सव्वीसच. स्वयंपाकघराला कधी हात न लावणारे बाकीचे चौऱ्याहत्तर बाजूला ठेवून केलेला हा हिशोब आहे. २९९ मधून ९७ वजा जाता २०२ मिनिटे उरतात. म्हणजे तीन तास बावीस मिनिटे. ट्रोलॉपला ४७ कादंबऱ्यांसाठी रोज तीन तास पुरले होते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्याला संधी-खर्च म्हणतात त्याचे इतके उघडे उदाहरण शोधून सापडणार नाही: भारतीय घरातली स्त्री पुरुषापेक्षा जेवढे जास्त राबते तेवढ्यात एका कादंबरीकाराचा कामाचा दिवस बसतो आणि वर वीस-बावीस मिनिटे दळण-निवडण्याला उरतात.

व्हर्जिनिया वूल्फने १९२९ मध्ये, लिहिणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, असे म्हटले. कोकणातल्या घरात ओटी पुरुषांची असे, माजघर सगळ्यांचे आणि स्वयंपाकघर राबणारीचे. खोलीचा प्रश्न पुढचा. आधी अक्षराचाच प्रश्न होता. मराठीतील आद्य स्त्री-कादंबरीकारांपैकी एक असलेल्या काशीबाई कानिटकर घरातल्या मोठ्यांची टिंगल सोसून वाचायला शिकल्या. हरिभाऊ आपट्यांशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह जमला, आणि ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी १९०३ साली निघाली. वाट पाहणारा एक वाचक मिळाला की काय होते, याचे हेही उदाहरण आहे. पण असा वाचक किती जणींना मिळाला?

‘रथचक्र’ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवऱ्याने पाठ फिरवल्यावर मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करणारी कोकणातली स्त्री त्या कादंबरीच्या मध्यभागी आहे. पेंडशांनी तिला अपार समजुतीने उभे केले, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की, ती स्त्री स्वतः हे लिहू शकली असती काय? तिच्या दिवसात पाणी होते, गोठा होता, चूल होती, जावांचे टोमणे होते. तिच्या आयुष्याची कादंबरी व्हायला मुंबईच्या कचेरीतून सायंकाळी घरी परतणारा एक पुरुष लागला. कोकणच्या कादंबरीतल्या किती तरी स्त्रिया अशा दुसऱ्याच्या मोकळ्या वेळात लिहिल्या गेलेल्या आहेत.

ही फट बुजवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत उर्मिला पवार यांचे नाव रत्नागिरीने अधिक अभिमानाने घ्यायला हवे. जन्म १९४५ चा, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याचा. वडील लहानपणीच गेले. आई बांबूच्या कांबट्यांची सुपे, टोपल्या, म्हणजे आयदाने, विणून मुले वाढवीत राहिली. लेकीने नोकरी केली, संसार केला, मुले वाढवली, लग्नानंतर पदव्युत्तर शिक्षण घेतले, दलित स्त्रियांच्या चळवळीत काम केले आणि मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास गोळा केला. ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह १९८८ साली आला, तेव्हा त्या ४३ वर्षांच्या होत्या. ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ चे. बाईने घर सांभाळून शिकायचे, लिहायचे, सभेला जायचे म्हणजे घरात काय काय ऐकावे लागते, हे त्यात आडपडदा न ठेवता आलेले आहे. आपले लिहिणे आणि आईचे विणणे यांची वीण एकच आहे, असे त्यांनी म्हटले आहे. हे वाक्य केवळ सुंदर उपमा म्हणून वाचले जाते. परंतु आयदान विणणारी बाई बाजाराच्या दिवसापर्यंत ठरलेल्या टोपल्या पुऱ्या करते. दुखले-खुपले तरी करते. कारण गिऱ्हाईक येणार असते. ट्रोलॉपचे घड्याळ आणि फणसवळ्याच्या त्या माऊलीचे हात यांत शिस्तीचा फरक नाही. फरक एवढाच की ट्रोलॉपला उठवायला नोकर होता.

म्हणून आज ‘वेळ नाही’ अशी तक्रार कानी येते तेव्हा ती कोणाची आहे हे पाहून उत्तर द्यावे लागेल. बऱ्यापैकी पगार, ठरावीक वेळ आणि हातात आयता चहा मिळणाऱ्या माणसाची तक्रार असेल, तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्याची संध्याकाळ कुठे जाते हे त्याने स्वतःलाच विचारावे. पण अशांची संख्या घटते आहे. ठरावीक वेळेची नोकरी हीच दुर्मीळ होत चालली आहे. शिक्षक तासिका तत्त्वावर, परिचारिका कंत्राटावर, कारखान्यातला कामगार ठेकेदाराकडून. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. सहा दिवसांनी भागले तर रोजचे जवळजवळ पावणेबारा तास होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे याचे समर्थन केले जाते. चार दिवस बारा तास राबून तीन दिवस मोकळे मिळाले तर बिघडले कुठे, असाही युक्तिवाद होईल. कागदावर तो बिनतोड आहे. प्रत्यक्षात ज्याच्यामागे संघटना नाही त्याला चौथ्या दिवसानंतर पाचव्या दिवशीही बोलावले जाते आणि त्याची ‘संमती’ आधीच घेतलेली असते. लोटे-परशुरामच्या कारखान्यातून बारा तासांची पाळी संपवून, वर प्रवास करून गावात परतणाऱ्या तरुणाने रात्री वही उघडावी अशी अपेक्षा कोणी करू नये. १८९० मध्ये जो रविवार मिळाला, तो एका बाजूने असा झिजत असताना साहित्य संमेलनांच्या मांडवांत त्याविषयी एखादा ठराव कधी येत नाही. कामाच्या तासांचा प्रश्न कामगार-पुढाऱ्यांचा आणि कादंबरीचा प्रश्न साहित्यिकांचा, अशी ही वाटणी आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्यासारख्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. कोकण मराठी साहित्य परिषदेची स्थापना १९९१ साली रत्नागिरीतच झाली; मालगुंडला केशवसुतांचे स्मारक उभे राहिले; तालुक्यातालुक्यांत ग्रंथालये आहेत. संमेलने, सत्कार, पुस्तक-प्रकाशने होतात, आणि तीही व्हावीत. पण प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा सत्कार करणाऱ्यांनी न झालेल्या पुस्तकाची वाट पाहणारी एखादी बैठकही सुरू करावी. महिन्याचा एक ठरावीक वार. ज्याच्या डोक्यात कादंबरी आहे त्याने लिहून झालेले एक प्रकरण आणावे, दहा जणांनी ऐकावे, पुढचे प्रकरण कधी, असे विचारावे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. मे महिन्यात बागायतदाराला सवड नसते, तर त्याची पाळी पावसाळ्यात ठेवावी; १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाड्यातल्या एखाद्याला बोलवावे. नमनाची वगनाट्ये लिहिणाऱ्यांना त्या बैठकीत पाहुणे म्हणून न बोलावता जाणकार म्हणून बोलवावे. तारखेपर्यंत लिहून पुरे कसे करायचे हे इतरांपेक्षा त्यांना अधिक कळते.

आणि बैठक संध्याकाळी ठेवू नये. संध्याकाळी बायकांना बाहेर पडता येत नाही, हे माहीत असूनही आपल्याकडचे सारे वाङ्मयीन कार्यक्रम सायंकाळी सहालाच सुरू होतात. दुपारी अडीच ते साडेचार ही वेळ त्यातल्या त्यात बरी, तीही रविवारची. त्या दोन तासांत घरातली लहान मुले आणि आजारी माणसे कोण सांभाळणार, हे सभासद पुरुषांनी आपापल्या घरी आधी ठरवावे, आणि मगच वार जाहीर करावा.